थोडं उजळ करू?

आईचा फोटो मोठा करून आणायला मी आणि ताई गेलो होतो, तेराव्याच्या तीन दिवस आधी. आई म्हणजे माझी आजी. आमच्या घरात हा घोळ पहिल्यापासूनचा. आजीला तिची मुलं आई म्हणायची म्हणून मीही आई म्हणायला लागले, आणि माझ्या खऱ्या आईला मामा-मावश्या ताई म्हणायच्या म्हणून ती माझीही ताई झाली. शाळेत बाई म्हणाल्या, उद्या आईला घेऊन ये, तर मी सरळ आजीला नेऊन उभी केली होती. तर हा फोटो. मावसबहिणीच्या हळदीतल्या घोळक्यातला, कारण आईचा एकटीचा फोटो घरात एकही सापडला नाही. स्टुडिओतल्या पोरानं तिला घोळक्यातून अलगद कापून काढलं, खांद्यावरचा कुणाचा तरी पिवळा हात पुसला, मागे आकाशी रंग भरला. मग माउसवरचं बोट थांबवून विचारलं, "थोडं उजळ करू? टचिंगचे वेगळे पैसे नाहीत. छान दिसतील आजी."

मी ताईकडे पाहिलं. ताई पडद्याकडे बघत होती. "कर," म्हणाली, "थोडंसंच."

आईचा रंग चिंचोक्याचा. तसाच गडद आणि तसाच तुकतुकीत, जणू वर्षानुवर्षं कुणीतरी हातात घोळवून गुळगुळीत केलाय. पोरानं पडद्यावरची एक बारीकशी खूण उजवीकडे सरकवली. चिंचोका आधी गहू झाला, मग साय झाला. "बास बास," ताई घाईघाईनं म्हणाली, तशी त्यानं ती जराशी मागे घेतली. साय आणि गहू यांच्या मध्ये कुठेतरी आई थांबली. बारा बाय अठरा, लॅमिनेशन, सोनेरी पट्टीची फ्रेम. मी पैसे दिले. संपूर्ण वेळ मी एक शब्द बोलले नाही, आणि नेमकं तेच नंतर टोचत राहिलं. एरवी मी गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातींवर तावातावानं बोलणारी बाई आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी, २०२३ च्या जानेवारीत, मिशेल यो हिला ऑस्करचं नामांकन मिळालं. बातम्यांत एक गमतीचा शब्दप्रयोग होता. प्रमुख अभिनेत्रीसाठी नामांकन मिळालेली ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी’ पहिली अभिनेत्री. म्हणवणारी? मग न म्हणवणारी कोण होती? तशी एक होती. मर्ल ओबेरॉन. ‘द डार्क एंजल’ या १९३५ च्या चित्रपटासाठी तिला नामांकन होतं, बक्षीस बेटी डेव्हिसला गेलं. हिचा जन्म मुंबईचा, १९ फेब्रुवारी १९११. आणि जगाला मात्र तिनं आयुष्यभर सांगितलं की मी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरची. एवढं वाचून मी कदाचित पुढे गेलेही असते. पण मजकुरात खाली एक ओळ होती. १९४९ साली मर्लनं एका जुन्या फोटोवरून आपल्या आईची तैलचित्रं करून घेतली होती, आणि चित्रकाराला बजावलं होतं, रंग उजळ काढ.

त्या ओळीशी मी थबकले. कॉम्प्युटर नाही, ती सरकणारी खूण नाही, चित्रकाराला समोर बसवून. पण प्रश्न तोच.

मग मी तिच्या मागेच लागले. तिचं मूळ नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्प्सन, घरचं लाडाचं नाव क्वीनी. ते नाव राणी मेरीवरून. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि मेरी अपोलो बंदरावर उतरले, आणि त्याची आठवण म्हणून आपण गेटवे ऑफ इंडिया बांधला. गेटवेसमोर कबुतरांना दाणे टाकत फोटो काढणाऱ्या गर्दीला कल्पनाही नसते, की त्याच स्वारीवरून मुंबईतल्या एका अँग्लो-इंडियन बाळाला राणी म्हणू लागले होते. वडील आर्थर थॉम्प्सन इंग्लंडातल्या डार्लिंग्टनचे, रेल्वेत इंजिनियर. ते पहिल्या महायुद्धावर गेले आणि १९१६ मध्ये आघाडीवरच न्यूमोनियानं वारले. आई शार्लट सेल्बी, मूळ सिलोनची, मिश्र वंशाची, रंगानं सावळी. आणि कॉन्स्टन्स नावाची एक थोरली बहीण.

आता इथे आमच्या घरातला घोळ आठवल्याशिवाय राहत नाही. शार्लट ही मर्लची आई नव्हतीच. ती आजी होती. आई होती ती ‘थोरली बहीण’ कॉन्स्टन्स, जी मर्ल जन्मली तेव्हा स्वतःच परकर-पोलक्याच्या वयाची होती. म्हणजे त्या घरातही आजीला आई म्हणत आणि आईला ताई. फरक इतकाच की आमच्याकडे ते सवयीनं झालं, सगळ्यांना ठाऊक असून. तिकडे एका पोरवयाच्या मुलीवर जे ओढवलं होतं ते झाकायला शार्लटनं बाळ आपल्या पदरात घेतलं आणि तोंड मिटलं. मर्लला हे कधी कळलं का, कुणी सांगावं. कॉन्स्टन्सला पुढे लग्न होऊन आणखी मुलं झाली. त्यांतला एक कॅनडात स्थायिक झाला. मर्ल आपली मावशी, असं तो धरून चालला होता. मुंबईच्या सरकारी दप्तरात त्याला तिचा जन्मदाखला सापडला, त्यावर आईच्या नावापुढे कॉन्स्टन्स. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला. तिनं भेट दिली नाही. जन्मदाखल्यासाठी आपल्याकडे लोक वॉर्ड ऑफिसात चपला झिजवतात. हिचा जन्मदाखला मुंबईत जागच्या जागी शाबूत होता, आणि टास्मानियातल्या होबार्ट गावचा मात्र, तिच्या प्रसिद्धीखात्याच्या म्हणण्यानुसार, आगीत जळून गेला होता.

१९१७ मध्ये शार्लट मुलीला घेऊन कलकत्त्याला गेली. ला मार्टिनिएर शाळेत मर्लला जागा मिळाली, पण मिश्र रक्तावरून इतर मुली इतक्या टोचून बोलत की तिनं शाळाच सोडली. पुढे टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, हौशी नाटकमंडळीत कामं, आणि संध्याकाळी चौरंगीवरचं फिर्पोज, जिथे साहेबलोक जेवायला, नाचायला जमत. टेलिफोन ऑपरेटर हा तपशील मला फार आवडतो. तिथे चेहरा लागत नाही, आवाज लागतो. दिवसभर गोऱ्या साहेबांचे नंबर जोडून देणारी ती मुलगी फोनच्या त्या टोकाला कुणीही असू शकली असती. फिर्पोजमध्येच तिला एक कर्नल भेटला, पूर्वी सिनेमात कामं केलेला. जमत आलं होतं. एक दिवस तो घरी आला आणि दार उघडलं शार्लटनं. तिचा रंग बघून त्याला मुलीचा हिशेब कळला आणि तो मागे सरला. मात्र जाताना फ्रान्समधल्या नीस शहरातल्या एका दिग्दर्शकाकडे शब्द टाकायचं कबूल केलं. म्हणजे लग्न मोडलं आणि करिअर सुरू झालं, दोन्ही एकाच कारणानं, आई दारात आली म्हणून.

त्या दाराचं चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. शार्लटनं पाहुण्याला आत या म्हटलं असेल, खुर्ची पुढे केली असेल. तिला कधी समजलं असेल?

आमच्या आईचीही अशीच एक गोष्ट होती, ती स्वतःच रंगवून सांगायची. कराडला तिला बघायला मंडळी आली ती दिवेलागणीनंतर, म्हणजे तशी वेळच मुद्दाम दिलेली. तरी तिच्या आत्यानं ऐन वेळी माजघरातून आवाज दिला, "कंदील जरा लांब ठेवा गं, पोरीला धूर लागतोय." कंदील खुंटीवर गेला. पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं, पसंती झाली. लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हा भर दुपारच्या उन्हात आजोबांनी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि आई म्हणायची, "त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं, तर ते माझ्याहून काळे! त्यांच्या बाजूनंही कंदील लांबच ठेवला होता की." यावर घर हसायचं. आई सगळ्यात जास्त हसायची. आता वाटतं, ती हसायची म्हणून आम्ही कधी पुढचं काही विचारलं नाही.

लंडनमध्ये मर्लनं आधी कॅफे द पारीमध्ये होस्टेस म्हणून काम केलं, क्वीनी ओब्रायन या नावानं. मग निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाच्या नजरेत ती भरली. त्याच्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री एट’मध्ये (१९३३) ती हेन्रीची राणी अ‍ॅन बोलीन झाली. सुरुवातीच्या काही मिनिटांतच तिचं मुंडकं उडतं, पण त्यापूर्वी आरशापुढे तयार होताना ती जी दिसते त्यावर सगळं जिंकलं. पुढच्या वर्षी लेस्ली हॉवर्डबरोबर ‘द स्कार्लेट पिंपर्नेल’. मग हॉलिवूड, तिथला निर्माता सॅम्युएल गोल्डविन. कोर्डाशी तिचं लग्न झालं १९३९ मध्ये, त्याला नाइटहूड मिळाल्यावर कलकत्त्याची टेलिफोन ऑपरेटर लेडी कोर्डा झाली. टास्मानिया कोर्डाच्या लोकांनी शोधून काढला. हिंदुस्थानापासून लांब, अमेरिकेपासून लांब, अगदी इंग्लिश वळणाचं बेट. कोण जाणारे तपासायला? वडील शिकारीत अपघातानं गेले, मग पोर हिंदुस्थानात वाढली, अशी पुरवणीही जोडली, म्हणजे कलकत्त्याचं कुणी भेटलंच तर अडचण नको. खोटं रचणारा माणूस हुशार होता, यात वाद नाही.

तिला भेकड म्हणणं मला जमत नाही. अमेरिकेनं १९१७ च्या कायद्यानं आपल्या लोकांना दार बंद केलं होतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. हे १९४६ पर्यंत चाललं. सिनेमाच्या आचारसंहितेत गोऱ्या-काळ्यांचे संबंध पडद्यावर दाखवायला बंदी होती, आणि आशियाई नटांनाही तिची झळ बसे. अ‍ॅना मे वाँग अमेरिकेत जन्मलेली, चिनी वंशाची, नावाजलेली नटी. ‘द गुड अर्थ’मध्ये चिनी शेतकऱ्याच्या बायकोचं काम तिला मिळालं नाही. गोऱ्या नटाची बायको म्हणून खरी चिनी बाई चालणार नव्हती. ते काम लुईझ रायनरनं केलं आणि ऑस्कर घेतलं. अशा गावात मर्लनं ‘मी मुंबईची’ म्हटलं असतं तर ती आयुष्यभर अरबी नर्तकी आणि जपानी बायकाच करत राहिली असती. तशी एक जपानी बाई तिनं सुरुवातीला केलीही होती.

पण शार्लट? ती मुलीबरोबर इंग्लंडात राहायला आली होती. सांगतात की पाहुण्यांसमोर ती मोलकरीण म्हणून वावरायची. चहाचा ट्रे घेऊन यायची, ठेवून आत जायची. इथे मात्र माझी सगळी समजूतदार वकिली संपते. कायदे, निकाल, आचारसंहिता एका बाजूला, आणि हा ट्रे दुसऱ्या बाजूला. शार्लटनं कपात साखर किती घालू, असं विचारलं असेल का? कुठल्या भाषेत? मुलगी तिला पाहुण्यांसमोर काय म्हणून हाक मारत असेल? १९३७ मध्ये ती वारली. त्याच वर्षी लंडनमध्ये मोटारीच्या अपघातात मर्लच्या चेहऱ्याला इजा झाली, आणि ती करत असलेला ‘आय, क्लॉडियस’ हा चित्रपट कायमचा बंद पडला. पुढे १९४० मध्ये सौंदर्यप्रसाधनांची बाधा आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी यांनी तिची कातडी आणखी बिघडली, ती खरवडून काढण्याचे उपचार न्यूयॉर्कमध्ये झाले. जिचं सगळं आयुष्य कातडीवर तोललेलं, तिच्या कातडीचेच असे हाल.

यातून एक दिवा जन्माला आला. ‘द लॉजर’च्या (१९४४) चित्रीकरणात ल्युसियन बॅलार्ड या कॅमेरामननं एक छोटा दिवा थेट कॅमेऱ्याच्या भिंगाला चिकटून लावला. उजेड बाजूनं पडला की चेहऱ्यावरच्या प्रत्येक खड्ड्याची सावली पडते. भिंगाच्याच रेषेतून समोरून आला, की सावल्या वस्तूच्या मागे दडतात आणि कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. व्रण पुसले जातात, डोळ्यांत चमक येते. या दिव्याला ओबेरॉनवरून ‘ओबी’ नाव पडलं, आणि सिनेमाच्या सेटवर ते अजून चालतं. बॅलार्ड तिचा दुसरा नवरा झाला. एखाद्या बाईचे व्रण दिसू नयेत म्हणून दिवा घडवणाऱ्या माणसाशी तिनं लग्न करावं, हे मला फार साहजिक वाटतं. आमच्याकडे लपवायला दिवा लांब नेला होता, तिकडे जवळ आणला.

‘वुदरिंग हाइट्स’ मी एका रात्री लॅपटॉपवर पाहिला, दिवे मालवून. १९३९ चा, दिग्दर्शक विल्यम वायलर, हीथक्लिफ लॉरेन्स ऑलिव्हिए आणि कॅथी मर्ल. या दोघांचं सेटवर अजिबात पटत नव्हतं, ऑलिव्हिएला कॅथीच्या जागी आपली प्रेयसी व्हिव्हियन ली हवी होती. मूळ कादंबरीत हीथक्लिफ काळासावळा, कुठून आला माहीत नसलेला पोर आहे. एक पात्र त्याला ‘छोटा लास्कर’ म्हणतं. लास्कर म्हणजे गोऱ्यांच्या बोटींवरचे आपल्याकडचे खलाशी, ज्यांत रत्नागिरीकडची कितीतरी माणसं होती. सिनेमातही खेळता खेळता त्याला सांगितलं जातं, तुझा बाप चीनचा बादशहा आणि आई हिंदुस्थानची राणी. आता गंमत बघा. तो काळासावळा पोर झालाय अस्सल गोरा इंग्रज, आणि त्याच्यापुढे उभी गोरीपान कॅथी आहे मुंबईची क्वीनी. स्वयंपाकघरात ती दाईला सांगते, "एलन, मीच हीथक्लिफ आहे," आणि नेमकी वीज चमकून तिचा चेहरा पांढराफटक होतो. ग्रेग टोलंडनं या चित्रपटाच्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळवलं. मी ती वीज चार वेळा मागे घेऊन पाहिली. अभिनय म्हणाल तर ती फार थोर नटी नव्हे, माझ्या मते. थोडी काचेच्या कपाटातली वाटते. पण त्या एका वाक्याला कपाटाचं दार किलकिलं होतं.

पुढचं भराभर. बॅलार्डशी काडीमोड, मेक्सिकोतला श्रीमंत तिसरा नवरा, दत्तक मुलं, झगमगीत बंगले, शेवटी स्वतःहून बऱ्याच लहान अशा रॉबर्ट वोल्डर्सशी लग्न. १९७८ मध्ये ती नवऱ्याबरोबर होबार्टला गेली. लेक माहेरी आली, म्हणून गावानं टाउन हॉलमध्ये सत्कार ठेवला. तिथे पोचल्यावर ती म्हणाली, माझा जन्म इथला नाही. मग बरं वाटत नाही म्हणून बाजूला झाली आणि पुढे कुणाला उत्तरं दिली नाहीत. वाटेत ड्रायव्हरला तिनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. लहानपणी बोटीनं जाताना वडील आजारी पडले, म्हणून आम्ही या बेटावर उतरलो. म्हणजे खरं सांगायच्या दिवशीसुद्धा नवीन खोटं तयार होतं. टास्मानियात काहीजण अजून छातीठोक सांगतात, ती आमचीच, इथल्याच एका चिनी वंशाच्या बाईची पोर. खोट्या माहेरानंही तिला शेवटी मिश्र रक्ताचीच ठरवली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ती गेली.

आणि ती तैलचित्रं? तिच्या प्रत्येक घरात ती शेवटपर्यंत भिंतीवर होती. जी जिवंतपणी ट्रे ठेवून आत जायची, ती मेल्यावर दिवाणखान्यात आली, पण उजळून आली. ती चित्रं मी पाहिलेली नाहीत. शार्लटचा मूळ रंग कसा होता, चित्रकारानं तो कितपत सरकवला, "बास बास" कुणी म्हटलं का, काही ठाऊक नाही.

आईच्या वर्षश्राद्धाला कराडहून एक म्हातारी आल्या होत्या, आईच्या शेजारच्या, विहिरीवर सोबतीनं धुणं धुतलेल्या. हार घातलेल्या फोटोसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, चष्मा पदराला पुसून परत लावला, आणि मग ताईला विचारलं, "ही कोण गं?" ताई म्हणाली, "मोतीबिंदू झालाय तुम्हाला काकू." सगळे हसले. काकू हसल्या नाहीत.

त्या रात्री भांडी आवरताना मी ताईला मर्लची सगळी गोष्ट सांगितली. मुंबई, टेलिफोन, कर्नल, चहाचा ट्रे, चित्रकार. मला वाटलं ती चिडेल, निदान म्हणेल की मला बोल लावायला एवढी लांबची बाई कशाला आणलीस. तिनं सगळं ऐकलं. परातीतल्या उरलेल्या कणकेवर तेलाचा हात फिरवला, वाटी पालथी घातली.

"ते चित्र मरेपर्यंत भिंतीवर होतं ना तिच्या?"

"हो."

"मग?" ती म्हणाली, आणि ओट्यावरचा दिवा मालवून बाहेर गेली. बाहेरच्या खोलीत फोटोवरचा तो छोटा लाल बल्ब चालू होता. मी तिथूनच पाहिलं, तर ताईनं पदराचं टोक ओलं केलं होतं आणि काचेवर आईच्या गालापाशी लागलेला बुक्क्याचा डाग ती पुसत होती. एकदा पुसून झाल्यावर परत एकदा, जरा जोर लावून.